आधी मासा कुठे बसलाय ते बघ, मग रॉड घे

मागच्या शनिवारी आमच्या मंडळातला एक मुलगा माझ्याबरोबर फिशिंगच्या दुकानात आला. सहा महिन्यांपूर्वीच बारामतीहून इकडे टेक्सासमध्ये डॅलसला आलाय. "ताई, बास पकडायचाय, बजेट दीडशे डॉलर, काय काय घेऊ ते सांगा." बास म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. मी गाडी लावून आत जाईपर्यंत पठ्ठ्याच्या बास्केटमध्ये साडेसात फुटी हेवी रॉड, एक बेटकास्टर रील (ज्याचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चरखी, फेकताना फिरते) आणि लाल-सोनेरी चकचकीत क्रँकबेट (माशाच्या आकाराची टणक खोटी आमिषं), तेही सहा, प्रत्येकाच्या पोटाला दोन-दोन तिहेरी गळ. मी सगळं परत भिंतीवर लावलं. त्याचं तोंड एवढंसं झालं, पण मी म्हटलं चल, आधी तळ्यावर जाऊ, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं आहे.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर सिटीच्या पार्कात एक तळं आहे, फार मोठं नाही, चालत फेरी मारायला वीस मिनिटं लागतात. तिथे आम्ही रिकाम्या हातानं अर्धा तास उभे राहिलो. काय दिसतंय विचारलं तर म्हणाला पाणी दिसतंय. मग एकेक दाखवलं, डाव्या हाताला पाणकणसाचं बेट, त्याच्या पुढे पाण्याखाली गवताची एक गडद पट्टी, समोर पावसाचं पाणी तळ्यात सोडणारा सिमेंटचा पाइप, त्याच्या तोंडाशी दगडांची रास, आणि उजवीकडे पाण्यावर वाकलेलं एक झाड, त्याची सावली. काठाला बोटभर ब्लूगिल, म्हणजे बास ज्यांना खातो ते छोटे मासे, फिरत होते आणि फिरता फिरता एकदम तीन-चार ब्लूगिल पाण्याबाहेर उडाले, खालून एक भोवरा उठला. तो मुलगा ओरडलाच, "तिथे आहे!" मी म्हटलं हां, आता सामानाचं बोलू.

मला हे एवढंच सांगायचंय. लोक रॉडपासून सुरुवात करतात, मग रील, मग लाइन म्हणजे दोरा, मग उरलेल्या पैशात दिसतील तेवढे रंगीत ल्यूर, म्हणजे खोटी आमिषं, आणि सगळ्यात शेवटी पाण्यावर जाऊन विचार करतात की आता टाकू कुठे. हे अगदी उलटं आहे. मासा कुठे बसलाय त्यावरून ल्यूर ठरतो, ल्यूरच्या वजनावरून आणि आजूबाजूच्या गवता-ओंडक्यांवरून लाइन ठरते, आणि हे सगळं ठरलं की रॉड आपोआप ठरतो, त्यात आवडीनिवडीला फार जागाच उरत नाही.

हे मला अण्णांकडून आलं, म्हणजे माझ्या वडिलांकडून. आमचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला, इंदापूर तालुक्यात. अण्णा मरळीच्या मागे असायचे. हातात बांबूची काठी, दोरा आणि गळ, आमिषाला छोटी बेडकी. पण काठी हातात घ्यायच्या आधी ते काठावर उकिडवे बसून राहायचे, कधी कधी तासभर, आम्ही पोरं कंटाळून घरी जायचो. मरळीचं एक बरं असतं, तिला वरची हवा घ्यायला यावंच लागतं, गवतात कुठेतरी 'पुळुक' होतं आणि तिचा पत्ता कळतो. बासचं तसं नाही, तो श्वास घ्यायला वर येत नाही, त्यामुळे त्याचा पत्ता आपल्याला तर्कानं काढावा लागतो. पण स्वभाव दोघांचा एकच, दबा धरून बसायचं आणि जवळून जाणाऱ्यावर झडप घालायची. मी इथे आल्यावर पहिल्यांदा बास पाहिला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही.

लार्जमाउथ बासचं तोंड बघा एकदा, बंद असताना जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. हा मासा चावत नाही, तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, आणि खोटं वाटलं तर तितक्याच पटकन थुंकून टाकतो. अंगावर दोन्ही बाजूंना जी रेघ असते तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळते, म्हणून गढूळ पाण्यात किंवा रात्रीही तो शिकार करतो. लांब पाठलाग करायला त्याचं शरीर बनलेलं नाही, म्हणून तो कडेला बसतो. गवत संपतं ती कड, सावली आणि उन्हाची कड, उथळ पाणी एकदम खोल होतं ती कड, दगड संपून चिखल सुरू होतो ती कड. तळं कितीही मोठं असू द्या, त्यातला बराचसा भाग रिकामा असतो आणि मासे या कडांवर असतात. नवीन माणूस जोर लावून मधोमध फेकतो आणि मासा त्याच्या पायापासून दहा फुटांवर असतो, हे मी किती वेळा बघितलंय.

तर आमच्या तळ्यावर त्या मुलासाठी मी पाइपाजवळची दगडांची कड निवडली, कारण तिथे गवत कमी आणि नवीन माणसाचं सामान अडकायची भीती कमी. तिथे काय टाकायचं? माझं उत्तर दहातल्या नऊ वेळा एकच असतं, पाच इंची सेन्को, मधोमध गळ अडकवलेला, ज्याला वॅकी रिग म्हणतात. सेन्को म्हणजे गॅरी यामामोटो यांनी काढलेला मऊ प्लास्टिकचा किडा, दिसायला पेन्सिलीसारखा, ना शेपूट ना पाय, दुकानात हातात घेतला तर कुणी म्हणेल यात काय आहे. पण त्या प्लास्टिकमध्ये मीठ भरलेलं असतं त्यामुळे तो वजनदार असतो आणि पाण्यात आडवा पडून दोन्ही टोकं थरथरवत हळूहळू खाली जातो, आणि बास घेतो तो बहुतेक वेळा याच खाली जाण्याच्या वेळेत. टाकायचा, लाइन थोडी ढिली सोडायची आणि काहीही करायचं नाही. हे 'काहीही न करणं' शिकवायला सगळ्यात अवघड जातं. लाइनकडे बघत राहायचं, ती बाजूला सरकली, टचकन हलली किंवा नेहमीपेक्षा आधीच थांबली की मासा आहे समजायचं. तळाला टेकला की रॉडचं टोक दोन फूट वर, परत ढिली सोडा. गळ १/० नंबरचा, आणि किड्याच्या मधोमध एक छोटी रबरी रिंग चढवून गळ त्या रिंगखाली घाला म्हणजे दर माशाला किडा फाटणार नाही, कारण हे किडे स्वस्त नसतात.

आता उलटं मोजत या. पाच इंची सेन्कोचं वजन साधारण ३/८ औंस, वेगळं शिसं लागत नाही. असं हलकं सामान बेटकास्टरवर नवीन माणसाला फेकता येत नाही, म्हणून स्पिनिंग रील, म्हणजे ज्याचा स्पूल फेकताना फिरत नाही, २५०० किंवा ३००० साइज. रॉड सात फुटी, मीडियम, फास्ट. लाइन आठ किंवा दहा पौंडी, म्हणजे तेवढा ताण पेलणारी. झालं, सगळं मिळून त्या मुलाच्या बजेटमध्ये बसलं आणि वर मासेमारीच्या लायसन्सलाही पैसे उरले.

रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा हो, कृपा करून वाचा. किती औंसापर्यंतचा ल्यूर आणि किती पौंडी लाइन हे तिथे छापलेलं असतं आणि लोक फक्त रंग आणि किंमत बघतात. मीडियम, मीडियम हेवी, हेवी ही रॉडची ताकद, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते. फास्ट किंवा मॉडरेट म्हणजे रॉड कुठून वाकतो ते, फास्ट असेल तर फक्त टोकाकडून, मॉडरेट असेल तर जवळजवळ अर्ध्यातून. एकच जाड गळ माशाच्या जबड्यात घुसवायचा असेल तर फास्ट हवा. क्रँकबेटच्या बारीक तिहेरी गळांना मॉडरेट बरा, कारण ताठ रॉडनं हिसका दिला की ते गळ सुटून येतात. त्या मुलाच्या बास्केटमध्ये क्रँकबेट आणि हेवी फास्ट रॉड असं जोडपं होतं, दोन्ही आपापल्या जागी चांगले पण एकमेकांच्या कामाचे नाहीत.

दुसरी जागा, पाणकणीस आणि पाण्याखालचं गवत, तिथे वॅकी रिगचा उघडा गळ दर वेळी गवताची जुडी घेऊन येतो. तिथे टेक्सास रिग. आणि ही टेक्सासचीच गोष्ट आहे म्हणून थोडं सांगते. निक क्रीम नावाच्या माणसानं १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये प्लास्टिकचा किडा बनवला, नंतर कंपनी टेक्सासमधल्या टायलरला आली, आणि इथल्या पाण्यात बुडालेल्या झाडोऱ्यात तो किडा न अडकता फिरवायची जी पद्धत बसली तिलाच हे नाव मिळालं. गोळीच्या आकाराचं वजन लाइनीत ओवायचं, निमुळतं टोक रॉडच्या बाजूला, मग ३/० चा वाकड्या मानेचा गळ बांधायचा. गळाचं टोक किड्याच्या डोक्यात पाव इंच घालून बाहेर काढायचं, गळ अर्धा फिरवायचा, आणि टोक परत किड्याच्या अंगात लपवायचं. किडा सरळ राहिला पाहिजे, जरा जरी वाकडा बसला तरी पाण्यात गरगर फिरतो आणि लाइनला पीळ पडतात. वजन मी ३/१६ औंसापासून सुरू करते, म्हणजे पाच ग्रॅमच्या थोडं वर, आणि गवत दाट असेल किंवा वारा असेल तरच वाढवते. जेवढं हलकं चालेल तेवढं हलकं, कारण हळू पडणारी वस्तू बासला जास्त वेळ दिसते. मी टंगस्टनचं वजन घेते, महाग आहे, पण तळाला दगड आहे की चिखल ते हातात कळतं, शिशानं एवढं कळत नाही.

इथे बेटकास्टर लागतो, सात फुटी मीडियम हेवी फास्ट, १५ पौंडी फ्लोरोकार्बन लाइन. बेटकास्टरनं मला पहिले दोन महिने रडवलं. ल्यूर पाण्यावर टेकतो, स्पूल फिरतच राहतो आणि रीलमध्ये असा गुंता होतो की लाइन कापावी लागते. मग आमच्या ऑफिसमधल्या एका म्हाताऱ्या टेक्सन गृहस्थांनी पार्किंग लॉटमध्ये उभं करून शिकवलं, बाजूचा नॉब असा घट्ट करायचा की बटण दाबल्यावर ल्यूर हळूहळू खाली यावा आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल थांबावा, ब्रेक जवळजवळ पूर्ण लावून सुरुवात करायची, आणि अंगठा स्पूलवरून कधीच पूर्ण उचलायचा नाही, ल्यूर पाण्याला टेकायच्या क्षणी दाबायचा. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं गळ काढून नुसतं वजन बांधून पार्किंगमध्ये फेकत होते, तिसऱ्या आठवड्यात हात बसला. म्हणून म्हणते पहिला रॉड स्पिनिंगचा घ्या, बेटकास्टर दुसरा.

लाइनबद्दल लोक इतके वाद घालतात. मोनो म्हणजे साधी नायलॉन, ताणली जाते, हळू बुडते, स्वस्त, पाण्यावर तरंगणाऱ्या ल्यूरसाठी चांगली. फ्लोरोकार्बन बुडते, कमी ताणली जाते, आणि पाण्यात कमी दिसते कारण तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवते तो आकडा, पाण्याच्या जास्त जवळ असतो, १.४२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, नायलॉनचा दीडच्या वर. ब्रेड म्हणजे विणलेली, अजिबात ताणत नाही, दोऱ्यासारखी बारीक असून प्रचंड मजबूत, तरंगते, पण स्वच्छ पाण्यात ठळक दिसते आणि गुळगुळीत स्पूलवर नुसती गुंडाळली तर घसरते, आधी खाली थोडी मोनो गुंडाळावी लागते. नवीन माणसानं आठ पौंडी मोनोवर शिकावं, तीस-चाळीस मासे झाले की फरक स्वतःच्या हाताला कळतो.

गाठ मात्र पहिल्या दिवसापासून नीट हवी. मी पालोमर बांधते, दुहेरी लाइन डोळ्यातून ओवायची, साधी गाठ मारायची, फासातून गळ काढायचा आणि ओढायची. ओढायच्या आधी ओली करायची. अण्णा दर वेळी गाठ जिभेवर फिरवून मग ओढायचे, मला लहानपणी वाटायचं त्यांची सवय आहे. कोरडी गाठ ओढताना घासून गरम होते आणि लाइन तिथेच कमजोर होते, हे मला इथे आल्यावर एक मोठा मासा तुटून गेल्यावर कळलं.

आता बेडकी. लेक फोर्क आमच्यापासून पूर्वेला दीड तासावर, २७ हजार एकरांचं पाणी, आणि धरण उजनीसारखंच १९८० च्या सुमाराचं. पाणी भरताना तिथली पुष्कळ झाडं तशीच उभी ठेवली होती, त्यांचे वाळलेले खुंट अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. टेक्सासचा रेकॉर्ड बास इथलाच, जानेवारी १९९२ मधला, १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा एका खाडीत गवताची चादर पसरलेली होती आणि मी पहिल्यांदा पोकळ रबरी बेडकी टाकली. दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, मासा दाबतो तेव्हाच उघडे पडतात, त्यामुळे गवतावरून सरपटत येते. इथे लाइन ५० पौंडी ब्रेड आणि रॉड हेवी, कारण मासा लागला की त्याला गवतातून उपटून काढावं लागतं. आणि काय सांगू, गवत फाटलं, पाणी उसळलं, मी हिसका दिला आणि बेडकी माझ्याच अंगावर परत आली. एकदा नाही, चार वेळा. दुपारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगितलं, ते म्हणाले, "आगं, तू लई घाई करतीस. आवाजावर वडू नगं, हाताला वजन लागू दे, मग वड." पाचव्या वेळी मी मनात दोन आकडे मोजले, रॉड खाली नेला, लाइन ताणली गेली तेव्हा ओढला. साडेपाच पौंड. इंदापूरला बसून त्यांनी लेक फोर्कचा मासा काढून दिला मला.

तो मासा २१ इंच होता आणि तिथे १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. बाकी राज्यात साधारणपणे किमान १४ इंच आणि दिवसाला पाच, पण प्रत्येक तळ्याचे वेगळे नियम असू शकतात, जाण्याआधी बघाच. १७ वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं, इथल्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं सध्या ३० डॉलर, आणि ते ऑगस्टअखेर संपतं, म्हणून जुलैमध्ये घेण्यात अर्थ नाही. कुणाला नुसतं करून बघायचं असेल तर स्टेट पार्कच्या आत काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही.

मंडळात मला नेहमी विचारतात, खात नाहीस तर पकडतेस कशाला. मी मासे खाते, आवडीनं खाते, पण मोठी मादी बास मी सोडते. आठ-दहा पौंडांची मादी व्हायला कितीतरी वर्षं जातात आणि पुढचे मोठे मासे तिच्याच पोटातून येणार. टेक्सासमध्ये तर १९८६ पासून १३ पौंडांवरच्या माशांसाठी शेअरलंकर नावाचा कार्यक्रमच आहे, हंगामात पकडलेली एवढी मादी सरकारी हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात नेऊन तिची पिल्लं वाढवतात. सोडायचाय तर हात ओले करून धरा, मोठा असेल तर नुसता जबड्याला लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या, आणि तापलेल्या सिमेंटवर ठेवून फोटो काढू नका, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि नंतर तो मरतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी राखत बसतो, त्या वेळी तो समोर येईल त्यावर तुटून पडतो, पकडणं सोपं असतं. कायद्यानं चालतं. मी टाकत नाही. तो उचलला की दोन मिनिटांत ब्लूगिल येऊन अंडी खातात, मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि जगातला सगळ्यात मोठा लार्जमाउथ, जॉर्ज पेरीनं २ जून १९३२ ला जॉर्जियात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा, २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितांनी त्याची बरोबरी केली. पेरी आणि त्याचा जोडीदार त्या दिवशी दोघांत मिळून एकच रॉड वापरत होते असं सांगतात. नवीन रॉड घ्यायची इच्छा झाली की मी हे स्वतःला आठवून देते.

तर त्या मुलानं शेवटी स्पिनिंग कॉम्बो, म्हणजे रॉड-रीलची जोडी घेतली, एक पाकीट सेन्को, हिरवट-तपकिरी रंगाचा, एक पाकीट गळ, रिंगा आणि वाकड्या चोचीची पक्कड. पक्कड विसरू नका, गळ खोल गेला तर बोटांनी निघत नाही. रविवारी सकाळी पाइपाजवळ उभा केला, पहिली वीस मिनिटं तो सारखं रील फिरवत होता, मी म्हणत होते थांब, पडू दे. मग एकदा त्याचा फोन वाजला, त्यानं फोन बघायला ल्यूर तसाच सोडला आणि लाइन आडवी चालायला लागली. दीड पौंडाचा असेल, पण दोनदा पाण्याबाहेर उडाला. फोटो मी काढला, हात ओले करून धरायला लावलं, सोडला.

पुढच्या रविवारी पाणकणसाच्या बाजूला जायचंय, त्याला म्हटलंय ३/० चे गळ आणि ३/१६ ची वजनं घेऊन ठेव, रॉड तोच चालेल, वजन कमी आहे आणि त्या टोकाला गवत अजून दाट झालेलं नाही. मेअखेर वाढलं की माझा बेटकास्टर देईन त्याला. साडेपाचला निघतोय, थालीपीठं मी नेते.